समजाचा उजवा हात

त्याचं खरं नाव फक्त त्याच्या बायकोला आणि बँकेला माहीत होतं. बाकी सगळे त्याला समजा म्हणायचे, कारण त्याचं प्रत्येक वाक्य याच शब्दाने सुरू व्हायचं. "समजा, उद्या तुमचा उजवा हात गेला." "समजा, जिन्यावरून पाय घसरला आणि सहा महिने अंथरुणाला खिळलात." "समजा, डोळ्यांपुढे अंधारी आली ती आली, गेलीच नाही." रस्त्यात कोणी भेटलं तरी "काय, कसं काय?" म्हणायच्या आधी तो समोरच्या माणसाला डोक्यापासून पायापर्यंत असा न्याहाळायचा, की याचं आधी काय निकामी होणार याचा अंदाज बांधतोय असं वाटावं. आणि तो तसा बांधतच असायचा. लोक त्याला पाहून रस्ता ओलांडायचे. ओलांडताना मात्र दोन्हीकडे नीट बघून ओलांडायचे, हे त्याचं श्रेय त्याला द्यायला हवं.

धंदा विम्याचा. पण एजंट म्हटलेलं त्याला खपायचं नाही. "एजंट एका कंपनीचा असतो. मी ब्रोकर. मी कोणाचाच नाही," असं तो छाती पुढे काढून सांगायचा, आणि त्याच्या सासूबाई आतल्या खोलीतून "ते दिसतंच आहे" असं म्हणायच्या.

मरणाचा विमा कोणीही विकेल, असं त्याचं म्हणणं. मेलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी उठून चहा मागत नाही. खरी पंचाईत जिवंत राहून कामाला जाता न येणाऱ्याची. पगार थांबतो, पोट थांबत नाही. म्हणून तो कारखान्यांत, कचेऱ्यांत जाऊन मालकांच्या मागे लागायचा: तुम्ही तुमच्या लोकांना जे देता ते देताच, त्याला ही एक जोड द्या. दुखण्याने किंवा अपघाताने कोणाला कामावर येता आलं नाही, तर पगाराचा मोठा हिस्सा विमा कंपनी देईल. तुमच्या खिशाला चाट नाही. ज्याला हवं त्याच्या पगारातून दरमहा थोडेसे कापायचे. बरोबर दातांचा विमा आहे, चष्म्याचा आहे, ज्याला जे हवं ते त्याने घ्यावं.

पण पटवणार कसं? आपलं मरण कोणालाही डोळ्यांपुढे आणता येतं. त्यात थोडी मजाही असते, लोक रडताहेत, आपल्याबद्दल चांगलं बोलताहेत. आपल्याला सदऱ्याचं बटण लावता येत नाहीये, हे मात्र कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. म्हणून समजाने एक खेळ बसवला होता. सगळ्यांसमोर उभं राहायचं, पिवळ्या रुमालाने आपलाच उजवा हात छातीशी करकचून बांधायचा आणि मग एका हाताने दिवस काढायला लागायचं. चहा ओतायचा, तो बशीत कमी आणि विजारीवर जास्त. बुटाची नाडी बांधायची, ती दातांनी. डाव्या हाताने सही करायची आणि ती बघून आपणच दचकायचं. मग तो मोरीत जाऊन आल्याचं सोंग करायचा आणि विजारीची चेन ओढत सभागृहभर फिरायचा, तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. तो कण्हायचा, धापा टाकायचा. घाम कुठून आणायचा ते त्याचं त्यालाच ठाऊक. शेवटी अगदी बारीक आवाजात म्हणायचा, "आता मला सोडा." कोणीतरी उठून रुमाल सोडायचं. मग अर्ज भरायला रांग लागायची.

एका विमा कंपनीने तर या खेळाची चित्रफीत काढली होती. नव्याने कामाला लागलेल्या पोरापोरींना ती दाखवायचे. समजा त्या चित्रफितीबद्दल इतका बोलायचा, की त्याने लग्नाबद्दलसुद्धा तेवढं कधी सांगितलं नव्हतं.

बायको घराच्या पुढच्या खोलीत कपडे दुरुस्त करायची आणि इस्त्री करून द्यायची. तिने लग्नानंतर पहिल्याच वर्षी नियम केला होता: जेवताना समजा नाही. तो नियम पाळायचाही, पण घास घेता घेता समोरच्याच्या दाताकडे बघायचा. सासूबाई त्याची फिरकी घ्यायची संधी सोडत नसत.

"जावईबापू, समजा मी आत्ता इथल्या इथे गेले, तर तुमचं जेवण थांबेल का हो?"

"आई, मरणाचं मी करत नाही," समजा शांतपणे सांगायचा आणि वाढून घ्यायचा.

एवढं मात्र खरं, की जे तो विकायचा ते त्याने स्वतःसाठीही घेतलं होतं. त्या बाबतीत त्याला नावं ठेवायला जागा नव्हती.

गावाबाहेरच्या रस्त्यावर पुतळ्यांचा कारखाना होता. पुतळे म्हणजे चौकात उभे करतात ते नव्हेत. कापडाच्या दुकानात काचेमागे कपडे घालून उभे असतात ते. आत शिरलं की पहिल्या खोलीत नुसते हात. छताला तारा बांधून हुकांवर टांगलेले, डावे एकीकडे, उजवे एकीकडे. पुढच्या खोलीत पाय. त्याच्या पुढे फळ्यांवर टकली मुंडकी, निम्म्यांना डोळे यायचे बाकी. समजा पहिल्यांदा तिथे गेला तेव्हा त्याला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. अपंगत्वाचा विमा विकायला याहून योग्य जागा पृथ्वीवर सापडणार नाही, असं त्याला वाटलं.

मालक हसतमुख माणूस. बोलताना प्लास्टरचं एक सुटं बोट हातात घेऊन समोरच्याच्या छातीवर टोचायची त्याला सवय होती.

"तुमची कंपनी एका हाताला किती देते?" त्याने विचारलं.

समजाने सांगितलं.

"आणि नुसत्या अंगठ्याला?"

समजाने तेही सांगितलं. मालकाने टेबलाच्या खणातून आपलं दरपत्रक काढलं आणि त्याच्यापुढे सरकवलं. "माझ्याकडे अख्खा हात, खांद्यापासून, अंगठ्यासकट, याच्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. वर नखं रंगवून देतो. तुमचा हात मला परवडायचा नाही."

हा विनोद त्याने वर्षानुवर्षं केला आणि समजा वर्षानुवर्षं त्याला हसला. धंद्यात हसावं लागतं.

मग एकदा पॅकिंगमधला एक कामगार पाठ धरून घरी बसला. त्याची बायको रोज सकाळी कारखान्याच्या दारात येऊन उभी राहायला लागली. काही मागायची नाही, बोलायची नाही. मालक आत गेला की निघून जायची. मालकाचं हसू हळूहळू मावळलं. त्याने स्वतःच्या खिशातून थोडंफार दिलं, तरी ती दुसऱ्या दिवशी होतीच. शेवटी त्याने समजाला फोन केला. "सोमवारी जेवणाच्या सुट्टीत या. तुमचा तो खेळ करा. अर्ध्याहून जास्त लोक हो म्हणाले तर करून टाकू."

अर्ध्याहून जास्त ही अट विमा कंपनीचीही होती. थोडेच लोक आले, तर येतात ते सगळे आधीच दुखणं घेऊन बसलेले, असा तिचा अनुभव.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर समजा तालमीला बसला. हातांच्या कारखान्यात नुसता छातीशी बांधलेला हात कोणाला काय वाटणार? तिथल्या लोकांनी हाताचे काय काय प्रकार पाहिलेले. काहीतरी भारी हवं. म्हणून त्याने उजवा हात लाकडी खुर्चीच्या पाठीवरून मागे टाकला, काखेत खुर्चीची कड बसेल असा ओढला आणि दातात रुमाल धरून तो मागच्या दांडीला घट्ट बांधून टाकला. सासूबाई त्याच खोलीत मालिका बघत होत्या. खिडकीतून ऊन येत होतं, जेवण अंगावर आलेलं. समजा दोनतीनदा कण्हला, एकदा "मला सोडा" म्हणाला आणि मग त्याची मान छातीवर पडली.

"मला वाटलं, हेही तालमीतलंच," सासूबाईंनी नंतर सांगितलं. "मी तर बिचाऱ्यांसाठी टीव्हीचा आवाज कमी केला."

जाग आली तेव्हा मालिका संपून दुसरी लागली होती. त्याने डाव्या हाताने गाठ सोडली, उजवा हात पुढे घेतला. हात आला, पण मनगटापासून पुढचा पंजा खाली लोंबत आला. त्याने हाताला वर यायला सांगितलं. खांदा उचलला, कोपर वाकलं, पंजा लोंबतच राहिला. बोटं सरळ होईनात. मुंग्या आल्या असतील म्हणून त्याने हात झटकला, चोळला, मांडीवर आपटला. पंजा दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा पडून राहिला. आधी समजाला हसू आलं. मग भीती वाटली, खरोखरीची. तो उठून पुढच्या खोलीत गेला.

बायको इस्त्री करत होती.

"अगं, माझा हात उचलत नाहीये."

"बरं, मग?" तिने मान वर न करता विचारलं. त्याचं पुढचं वाक्य, पगाराचं आणि हप्त्याचं, तिला पाठ होतं. ते आलं नाही. तिने इस्त्री उभी करून ठेवली.

"समजा?" तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "समजा नाही."

तिने इस्त्रीचं बटण बंद केलं आणि चप्पल घातली.

डॉक्टर सोमवारी सकाळी भेटले. त्यांनी पंजा वर धरला, सोडला, पडला. परत धरला, परत पडला. "हातातली नस दबलीय," ते म्हणाले. "खुर्चीत वेडंवाकडं झोपलं की होतं असं. येईल परत. काही आठवडे, काही महिने. बहुधा येईल."

"बहुधा?" बायकोने विचारलं.

"बहुधा."

या डॉक्टरांनीही एकदा समजाचा खेळ पाहिला होता आणि पोट धरून हसून विमा घेतला होता. म्हणून की काय, त्यांनी कागदावर जपून लिहिलं, "रुग्णाच्या सांगण्यानुसार मनगट उचलत नाही." नस तपासायचं यंत्र मोठ्या इस्पितळात होतं आणि तिथे नंबर लागायला बराच अवकाश होता. त्यांनी मनगटाला आधाराची पट्टी बांधून दिली.

सुज्ञ माणूस इथून घरी गेला असता. पण कारखान्याची तारीख इतक्या वर्षांनी मिळालेली. बायकोने गाडी चालवली, समजा शेजारी मांडीवर हात ठेवून बसला.

कामगार उलट्या खोक्यांवर बसून डबे खात होते. डोक्यावर हात टांगलेले, वाऱ्याने हलणारे. समजा पुढे उभा राहिला आणि त्याने ठरवलं, आज खेळ करायचा नाही, खरं ते सांगून टाकायचं.

"आज खेळ नाही," तो म्हणाला. "काल माझा हात खरंच गेला."

टाळ्या पडल्या.

"अहो, खरंच."

आणखी टाळ्या. त्याच्या खेळाची ख्याती इथवर आलेली होतीच. त्याने पट्टी सोडून पंजा दाखवला. "वा!" मागून कोणीतरी म्हणालं. हात जोडण्याचं काम करणारा एक फिटर तोंड पुसत पुढे आला. त्याने समजाचा पंजा उचलला, सोडला, मान डोलावली आणि सगळ्यांकडे वळून सांगितलं, "झकास. मनगटाचा सांधा सैल केलाय. आपल्याकडे असा माल परत येतो बघा."

हसून हसून लोकांच्या घशात घास अडकले. समजाचं तोंड कोरडं पडलं होतं. त्याने पाण्याचा पेला उचलायला सवयीने उजवा हात नेला, पेला बोटांतून निसटला आणि फरशीवर खणखणत मुंडक्यांच्या खोलीपर्यंत गेला. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाईसुद्धा तयार आहेत," कोणीतरी कौतुकाने म्हणालं. मग समजाच्याही डोळ्यांत आलं, आणि त्यावर शिट्ट्या झाल्या.

"आता सोडा त्यांना!" मालक ओरडला. "सोडा, सोडा!" सगळे ओरडायला लागले. खेळाचा शेवट त्यांना ऐकून माहीत होता.

समजा तसाच उभा होता. "सोडायला काही बांधलेलंच नाही," तो म्हणाला.

हा शेवट त्यांनी ऐकलेला नव्हता. अख्खा कारखाना उभा राहिला. टाळ्या थांबेचनात. मालकाने डोळे पुसत सांगितलं, "ज्यांना विमा हवा त्यांनी हात वर करा," आणि मोजायला गेला तर माणसांपेक्षा हात जास्त भरले. मागच्या रांगेतल्या चारपाच जणांनी हुकावरचे काढून वर धरले होते. ते वजा करूनही अर्ध्याच्या वर कितीतरी झाले. पाठ धरून बसलेल्या कामगाराचा यात काही फायदा नव्हता, जुनं दुखणं विम्यात बसत नाही, पण मालकाने खुशीत येऊन त्याचा पगार तो परत येईपर्यंत चालू ठेवायचं तिथल्या तिथे जाहीर केलं.

समजाच्या अख्ख्या कारकिर्दीतला हा सगळ्यात मोठा दिवस. गाडीत बसल्यावर बायकोने त्याचा सीटचा पट्टा लावून दिला आणि त्याला हुंदका फुटला.

त्याच्या विम्यात एक वाट पाहण्याचा काळ होता. काम बंद झाल्यापासून तीन महिने थांबायचं आणि मग पैसे सुरू. हे कलम त्याने आजवर शेकडो लोकांना हसत हसत समजावून दिलं होतं. सासूबाईंना ते पहिल्यांदाच समजत होतं.

"म्हणजे हात लवकर बरा झाला तर पैसे नाहीत?"

"नाहीत."

"आणि पैसे मिळाले, म्हणजे हात बरा नाही?"

"तसंच."

"आणि हे लोक विकत घेतात?" सासूबाईंनी विचारलं आणि थोडा वेळ त्याच्याकडे नव्याच आदराने बघत राहिल्या.

भेटायला माणसं येऊन जात. त्यांची वेगळीच अडचण व्हायची. आपल्या भाषेत एवढे हात आहेत हे कोणाच्या लक्षात आलेलं नसतं. शेजारी म्हणाला, "काही हातभार लागला तर सांगा," आणि जीभ चावली. चुलतभाऊ म्हणाला, "हाताशी कोणी आहे ना?" आणि खिडकीबाहेर बघायला लागला. बायकोची मैत्रीण सावरून घ्यायला गेली, "अहो, हातावर हात ठेवून बसू नका," एवढं बोलून तिचा चेहरा पडला आणि ती चहा न घेताच उठली. समजा एरवी यावर आठवडाभर हसला असता.

कामावर जाऊन पाहिलं त्याने. एका कचेरीत गेला, तिथले लोक हात बघूनच हसायला लागले. ते चाललं असतं. पण बोलायला तोंड उघडलं आणि त्याचा तो शब्दच येईना. समोर एक टायपिस्ट बसली होती. तिची दहा बोटं टेबलावर होती. समजा त्या बोटांकडे बघत राहिला आणि "माफ करा" म्हणून बाहेर आला. त्यानंतर तो गेलाच नाही.

घरी तो डाव्या हाताने एकेक गोष्ट शिकला. खेळात जे करताना तो धापा टाकायचा, ते खरं करायची वेळ आल्यावर धापा टाकायला सवडच नव्हती. बटण लावायचं तर लावायचं. पेला धरायचा तर डाव्याने. रात्री बायको उजव्या हाताची बोटं एकेक करून सरळ करायची, डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून. सोडली की ती परत वळायची.

तीन महिने झाले, पंजा होता तिथेच होता आणि मोठ्या इस्पितळातला नंबरही लागला नव्हता. समजाने विमा कंपनीकडे दावा टाकला. आता नशिबाचा खेळ बघा. मधल्या काळात पुतळ्यांच्या मालकाने त्याच कंपनीत फोन करून मनापासून स्तुती केली होती. "तुमच्या माणसाने लुळ्या हाताचं काम काय केलंय! मनगटातून पंजा असा सोडला होता, की माझा फिटरसुद्धा फसला." कंपनीने त्या खेळाची तारीख पाहिली. हात गेल्याच्या दुसऱ्याच दिवशीची. कंपनीने दावे तपासणाऱ्या मुलीला घरी पाठवलं.

मुलगी हुशार होती, चांगल्या मनाचीही होती. दारातच म्हणाली, "सर, मी तुमची चित्रफीत पाहूनच या धंद्यात आले." समजाने पट्टीतला हात मागे घेतला. एरवी कुठल्याही दिवशी हे ऐकायला त्याने मैलभर चालत जायची तयारी ठेवली असती.

तिने कागद काढले. बायको आणि सासूबाई दाराशी उभ्या राहिल्या.

"सर, सदऱ्याचं बटण लावून दाखवता?"

समजाने पट्टी काढून ठेवली आणि डाव्या हाताने बटण लावलं. मुलीने त्याच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं.

"चित्रफितीत तुम्हाला किती वेळ लागतो, सर."

"तेव्हा मला दोन हात होते," समजा म्हणाला.

तिने सही करायला सांगितली. त्याने डाव्याने केली, लहान मुलासारखी वाकडी, पण केली. चहा ओतायला सांगितला. त्याने ओतला, एक थेंब न सांडता.

"तुम्हाला घाम पण आला नाही," ती हळूच म्हणाली. तिच्या आवाजात संशयापेक्षा निराशाच जास्त होती.

बायकोला राहवेना. "अहो, कण्हा ना जरा!"

"त्या खेळातलं करून दाखवा की," सासूबाई म्हणाल्या. "चेन ओढत फिरा."

"मला नाही येत ते आता," समजा म्हणाला, आणि ते खरं होतं. आपल्याला आता धडधाकट माणसासारखं अपंगत्वाचं सोंग करता येत नाही आणि आपलं खरं अपंगत्व कोणाला खरं वाटत नाही, हे त्याला त्या क्षणी स्वच्छ दिसलं. पैशांचं जे व्हायचं ते होवो. या खोलीत एका तरी परक्या माणसाने आपलं खरं मानावं, एवढीच त्याची इच्छा उरली होती.

मुलीने पुढचं पान काढलं. "स्वतःहून करून घेतलेली इजा विम्यात बसत नाही, सर. तुम्हाला माहीतच आहे. म्हणून विचारावं लागतं. हात कोणी बांधला होता?"

"मी."

"कशासाठी?"

"हात नसला तर काय होतं ते दाखवायला."

तिचं पेन थांबलं. "हे मी कसं लिहू?"

"झालं तसं लिही."

"सर, असं लिहिलं तर वरचे हसतील."

"हसू देत. सगळेच हसतात गं."

तिने पेनाला टोपण लावलं. मग तिने कागद गोळा केले, बॅगेत घातले. "मी वर कळवते," ती म्हणाली. हे वाक्य कोणासाठी असतं आणि त्यानंतर काय होतं, हे समजाला तिच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तरी तो रीतीप्रमाणे तिला दारापर्यंत सोडायला गेला.

दारात तिने सवयीने हात पुढे केला. समजाचाही सवयीने गेला. खांद्यापासून कोपरापर्यंत व्यवस्थित गेला आणि पुढचा पंजा खाली लोंबत गेला. तिने तो हातात घेतला, एकदा हलवला आणि थांबली. हात मिळवताना समोरच्याकडून थोडं काहीतरी परत येतं. ते आलं नव्हतं.

"दाबा ना, सर."

"दाबतोय मी."

बोटं जराशी वळल्यासारखी झाली. तेवढंच. पंजा गार होता आणि दिसत होता त्यापेक्षा जड. मुलीच्या चेहऱ्यावरचं कामाचं हसू तसंच राहिलं होतं, ते आता कुठे ठेवावं हे तिला कळत नव्हतं.

समजा दोघांच्या हातांकडे बघत होता. "तुझा अंगठा माझ्या हातावर टेकलाय ना?" त्याने विचारलं.

"हो, सर."

"दिसतोय मला," तो म्हणाला. "नुसता दिसतोय."

तिने हात सोडला नाही. खांद्यावरची बॅग उंबऱ्यात उतरवली आणि मोकळा झालेला दुसरा हात त्याच्या मनगटाखाली घातला, तान्ह्या बाळाच्या मानेखाली घालतात तसा. मग तशीच त्याला धरून आत खुर्चीपर्यंत घेऊन आली.